मावशी, बोळ मोकळा झाला

काल तुझा दहावा झाला आणि आज रहिवासी समितीची सभा. दोन्हीकडे मला बोलायचं होतं. काल बोलता आलं नाही, तिथं कोणी भाषण करत नाही. आज बोलले. कौसामावशी, मला पत्रकाशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. मथळा, तीन मागण्या, खाली संघटनेचं नाव. तुझ्यासाठी मथळाच सुचेना, म्हणून तशीच सुरुवात करते आहे.

मंदाचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तुझी सून फोनवर कधी लांबण लावत नाही. "आत्या गेल्या. मळ्यात. शेवंती तोडत होत्या." मी विचारलं, "कशानं?" ती म्हणाली, "खाली बसल्या त्या उठल्याच नाय." फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? तुला जागेवरून उठवणारं पत्रक मी लिहिलं होतं, हे तुला कळलं होतं का, ते आता कधीच विचारता येणार नाही. रडू नंतर आलं. आधी ही धास्ती आली. लाज वाटते, पण क्रम असाच होता.

इंदिरानगरातला आपला बोळ बाहेरच्या माणसाला दाखवण्यासारखा नाही. क्लासच्या इमारतीकडून बसस्टॉपकडे जायची जवळची वाट. दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या पाठभिंती, एकही खिडकी बोळात उघडत नाही. तोंडाशी तुझी काळी छत्री, खाली दोन पाट्या, ओल्या फडक्याखाली गजरे. मी आठवीत क्लासला जायला लागले तेव्हा तू तिथं होतीसच. एकलहऱ्याकडच्या मळ्यातून फुलं आणायचीस आणि गिऱ्हाइकाला ऐकवायचीस, "आमच्या फुलाला आंघोळ घालून आणावं लागतं बाई. वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख बसते ना वरून." पहिल्यांदा मी तुला "तुम्ही" म्हणाले तर खेकसलीस, "तुम्ही काय? मी तलाठी हाय का?" पुढं मी संघटनेत गेले, खांद्याला झोळी आली, आणि तुझी हाक बदलली. "आली बाई पत्रकवाली. आज कोण मुर्दाबाद?"

मागच्या हिवाळ्यात समोरच्या पानटपरीवर उभ्या राहणाऱ्यांनी क्लासच्या एका मुलीची ओढणी ओढली. तू उठून त्यातल्या एकाच्या डोक्यावर फुलांवर शिंपडायचा तांब्या रिकामा केलास. मी पत्रक काढलं. ज्याला जे येतं ते तो करतो.

"बोळ मोकळा करा! मुलींना रस्ता द्या!" पहिली मागणी दिवे, दुसरी कॅमेरा. तिसरी: टपऱ्या, हातगाड्या आणि फूटपाथवरचे सर्व विक्रेते तातडीने हटवा. "सर्व" हा शब्द अविनाशदादांचा. ते आमच्या संघटनेतले जुने, मला पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "अर्धवट मागितलं की टपरी चार फूट सरकते आणि परत उभी राहते." खोटं नव्हतं ते. पण लिहिलं मी. मला त्यात काही खटकलं नाही, कारण तू माझ्या डोक्यात विक्रेती नव्हतीसच. तू मावशी होतीस.

तू चौथी शिकलेली, चष्मा रोज घरी विसरणारी. छापून आलेलं पत्रक तुला दाखवलं तर म्हणालीस, "वाच की मोठ्यानं." मी वाचलं. मथळा ठसक्यात, दिवे आणि कॅमेरा सावकाश, आणि तिसरं नुसतं "टपऱ्या हटवा". पुढचं खाल्लं. तेव्हा स्वतःला सांगितलं की घाई होती. आता खात्री नाही. कदाचित वाचता वाचताच मला कळलं होतं आणि तुझ्या तोंडावर ते म्हणवलं नाही. तू म्हणालीस, "झकास लिहिलंय. दे दोन गठ्ठे इकडं." आणि पुढचे पंधरा दिवस प्रत्येक गजऱ्याच्या पानावर माझं पत्रक गुंडाळून दिलंस. आमच्या सगळ्या कार्यकर्त्यांनी मिळून वाटलं त्याहून जास्त घरांत ते तुझ्या हातून गेलं. लोकांनी देवापुढं पुडी सोडली, मागणी वाचली आणि फोन फिरवले. आमच्या कुठल्याच पत्रकाला असं यश आलं नव्हतं.

अतिक्रमणवाल्यांची गाडी आली त्या दुपारी मीही आले होते. फोटो काढायला. "लढ्याला यश" असा मथळा तयार होता. पानटपरी उचलली, रसाची गाडी उचलली, आणि मग दोघे तुझ्या छत्रीकडे वळले. मी म्हणाले, "अहो, यांना नाही, या आपल्या मावशी आहेत." त्यातला एक हसून म्हणाला, "ताई, सगळ्याच कोणाच्या ना कोणाच्या मावश्या असतात. कागदावर सर्व लिहिलंय." तो तुझ्यासमोर बोलला हे. तू माझ्याकडं बघितलंस की नाही ते मला आठवत नाही, कारण मी मोबाइलमध्ये बघत होते. एवढं ऐकू आलं, "हात नका लावू, काडी मोडंल. मीच मिटते." तू छत्री मिटलीस, पाटी डोक्यावर घेतलीस आणि मुख्य रस्त्याकडं चालायला लागलीस. त्या दिवसापासून मेडिकलच्या पायरीवर बसायला लागलीस, तिथून बोळ दिसत नाही. मी रोज येत राहिले. तू रोज चहा मागवत राहिलीस. आपण दोघीही त्या दुपारबद्दल एक शब्द बोललो नाही.

बोळ मात्र अगदी स्वच्छ झाला. दोन दिवे आले, त्यातला एक महिन्यात गेला. खांबावर कॅमेरा आला. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मुलींना बरं वाटलं. टपरीवरच्या नजरा गेल्या होत्या, हे काही थोडं नाही. पण मग मुली बोळ टाळून लांबून जायला लागल्या, कारण आत शिरलं की पुढं मागं कोणीच नसायचं. आणि एका संध्याकाळी सहा वाजता, उजेड असताना, मागच्या बंगल्यातल्या जोशीबाईंचं मंगळसूत्र गेलं. बरोबर कॅमेऱ्याखाली. दोघं मोटारसायकलवर, डोक्यात हेल्मेट, नंबरवर चिखल. सगळं स्वच्छ दिसतं त्या चित्रात. बाई पडतात तेही दिसतं. त्या हाक मारतात, तोंड उघडतं, तेही दिसतं. कोणी येत नाही, तेही.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला सांगायला नको. सभ्य लोकांनी ठरवून टाकलं की हे काम बाहेरच्यांचं. मजूर नाक्यावरून सुरगाण्याचे तीन जण उचलून चौकीत बसवले, त्यात रामदास. तुझ्या पाट्या रोज सकाळी टेम्पोतून उतरवणारा आणि संध्याकाळी परत चढवणारा रामदास, नागलीची कापणी झाली की बायकोला घेऊन इथं कामाला येणारा. मी चौकीत घटनेची कलमं सांगत होते. माझा आवाज चढला होता, साहेबांचाही चढला होता. तेवढ्यात तू आलीस, पदराला हात पुसत. "सायेब, सहा वाजता ह्याचे दोन्ही हात माझ्या पाटीखाली होते. बाईच्या गळ्याला जायला तिसरा कुठनं आणला त्यानं?" साहेब हसले. तासाभरात तिघं सुटले. बाहेर आल्यावर रामदास तुझी रिकामी पाटी उचलून पुढं चालायला लागला. मला राग आला होता. कायद्यानं सुटायला हवे होते ते, तुझ्या ओळखीनं सुटले. ज्याला मावशी नाही त्यानं काय करायचं?

तेच मी तुला चहा पिताना विचारलं. तुला आठवतं का? मेडिकलच्या पायरीवर. आपलं शेवटचं मोठं भांडण.

तू म्हणालीस, "मग तू सांग ना. तुमच्या संघटनेत काय म्हणतात, चोरी कशानं थांबते?"

मी सुरू झाले. बेकारी, शिक्षण, दारू, झोपडपट्टीतली शाळा. रोग मुळातून काढायला हवा. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालीस, "बराबर हाय. ते होईस्तोवर पोरगी क्लासला कशी जायची तेवढं सांग."

मग मी पोलिसांच्या गस्तीचा मुद्दा काढला. तू बोटांवर एकेक मोजायला लागलीस. "गस्तीची गाडी आठला जाते. ती आठला जाते हे चोरालाही म्हाईत. पण गाडी दिसली की तासभर सगळे सरळ चालतात, हे खरंय." कराटेचे वर्ग? "शिकवा. पोरगी ताठ चालते त्यानं, मी बघितलंय. पण तिनं किती जणांना मारायचं? आणि क्लासला कधी जायचं?" कॅमेऱ्याला तू सरसकट नावं ठेवशील असं मला वाटलं होतं. नाही ठेवलीस. तुझ्या लेकाचा चोरीला गेलेला टेम्पो टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यानंच सापडला होता. "गेलेलं शोधायला चांगलाय तो," म्हणालीस, "पण बाई पडली तेव्हा त्यानं हाक मारली का कोणाला?" आणि दिवे? "दिवे पाहिजेतच. अंधारात मला सुई दिसत नाय."

तेव्हा हसले मी. आणि हसत हसत नको ते काढलं. क्लासमधल्या ऋतुजाचं.

मावशी, ते काढायलाच हवं होतं, अजूनही वाटतं. तू बोळावर नजर ठेवायचीस, म्हणून आम्ही निर्धास्त होतो, कबूल. पण तीच नजर ऋतुजावरही होती. ती क्लासच्या एका मुलाशी बोळात बोलत उभी राहायची. तू तिच्या आईला सांगितलंस. काळजीनं सांगितलंस असं म्हणालीस. आईनं आठवड्याच्या आत क्लास बंद केला, मोबाइल काढून घेतला, आणि बारावीला ती घरी बसली. मी तुला विचारलं होतं, "तू राखण करत होतीस की पाळत ठेवत होतीस?" पत्रकासारखं विचारलं होतं, शेवटी उद्गारचिन्ह लावून. तू म्हणालीस, "मला काय म्हाईत तिची आई असं करंल." मी म्हणाले, "माहीत नसेल तर सांगायचं नाही." तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "आणि तो पोरगा वाईट निघाला असता तर तूच म्हणाली असतीस, मावशी, तू बघत होतीस, बोलली का नाय." तुझा चहा तसाच राहिला. त्यानंतर चार-पाचदा भेटलो, पण मनानं आपण त्या पायरीवरून खाली उतरलोच नाही.

काल दहाव्याला मंदानं सांगितलं. त्या भांडणानंतर तू दोनदा ऋतुजाच्या घरी गेली होतीस. तिच्या आईला सांगायला, की पोरगी सरळ आहे, माझ्या बोलण्यावर तिला बसवू नका. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा तिची आई म्हणाली, "तुम्ही आमच्या घरात किती शिरणार?" तू हे मला का नाही सांगितलंस? मी तुझ्यावर "बिनपगारी संस्कृतिरक्षक" असा टोमणा मारून फिरत होते आणि तू त्या बंद दारापुढं उभी होतीस. तुझी चूक तू पायी जाऊन निस्तरायला बघितलीस. माझी चूक छापील होती म्हणून मी तशीच ठेवली.

आता आजचं सांगते.

सभेपुढं दोन ठराव होते. बोळाला दोन्हीकडून लोखंडी फाटक, संध्याकाळी सातला कुलूप. आणि बाहेरून येणाऱ्या मजुरांची फोटोसकट यादी फाटकावर. यादीविरुद्ध बोलायचं मला जमतं, ते झोपेतही येईल. फाटकाविरुद्ध काय बोलायचं? फाटकानं मंगळसूत्र वाचेलही. फक्त चोर पलीकडच्या गल्लीत जाईल, आणि क्लास साडेसातला सुटतो. पण खरं बोलायचं होतं ते तुझ्या जागेबद्दल. ती जागा मंदाला द्या म्हणायचं, तर ती रिकामी कोणी केली हेही सांगावं लागणार. अविनाशदादांनी काल रात्री फोनवर समजावलं. "पत्रक मागं घ्यायचं नसतं. नवं काढायचं." प्रेमानं सांगितलं त्यांनी. आमच्यावर टपून बसलेले लोक आहेत, तेही खरं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "तिसरी मागणी मी लिहिली होती. ती चुकीची होती. टपरीवरचा त्रास जायला हवा होता, पण आम्ही त्याच्याबरोबर बोळाचे डोळेही काढले." मागून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हटवलंत तुम्ही, आता परत आणायचंही तुम्हीच? एकदा ठरवा ना काय ते." हशा पिकला. दुसरे म्हणाले, "फुलवाली म्हणजे काय पोलीस आहे का? ती होती तेव्हा चोऱ्या झाल्या नाहीत, हे तिच्यामुळंच, याला पुरावा काय?"

पुरावा नाही, मावशी. जे घडलं नाही त्याचा पंचनामा कुठं असतो? तू किती जणांना नुसतं बघून परत फिरवलंस, की एकालाही नाही, मला खरंच माहीत नाही. मी इतकी वर्षं "पुराव्यानिशी बोला" असं लोकांना सुनावत आले, आणि आज माझ्याकडं फक्त तू होतीस, आणि तूही नव्हतीस.

मग मंदा उठली. ती येणार आहे एवढंच मला माहीत होतं, बोलणार नाही असं तिनं सांगितलं होतं. म्हणाली, "आम्ही पोलीस नाय. आम्ही फुलं विकतो. तुमच्या पोरी राखायला मी बसणार नाय, धंद्याला बसंल. लक्ष जाईल तेवढं जाईल. पण परवान्याची चिठ्ठी पाहिजे, वर पत्रा पाहिजे, आणि मोरीला जायला कोणाचं तरी दार उघडं पाहिजे. आत्या सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हत्या. म्हाईत हाय का कोणाला?"

कोणालाच माहीत नव्हतं. मलाही. महिलांच्या स्वच्छतागृहांवर मी दोन पत्रकं लिहिली आहेत. तुझ्याशेजारी बसून चहा पिताना तू नेहमी अर्धा का ठेवायचीस, ते मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं तुला साखर जास्त होते.

मग जोशीबाई म्हणाल्या, "माझं मागचं दार बोळालाच लागून आहे. तिथून आत ये." फाटक महिनाभर पुढं ढकललं. मंदाला महिनाभर बसू द्यायचं, समितीची हरकत नाही, पुढचं नंतर बघू. यादीचा ठराव मात्र तसाच उभा आहे, आणि रामदासला मी अजून काय सांगायचं ते ठरवलेलं नाही. अविनाशदादा शेवटच्या रांगेत होते. जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

सगळे म्हणाले, जिंकलीस. पण महिनाभरात त्या बोळात काही झालं तर? एखादी साखळी गेली, एखाद्या मुलीला कोणी हात लावला, तर लोक माझं नाव घेतील, ते चालेल. पण ते मंदाकडं बोट दाखवतील. "बसली होती ना तिथं?" पुन्हा एकदा मी एका बाईला मागणी क्रमांक तीन करून बसवलं आहे का? आणि काहीच झालं नाही तरी महिन्यानं तेच विचारणार, पुरावा काय.

तेरावा झाला की बुधवारपासून ती बसेल. सभेतून निघताना तिनं विचारलं, "ताई, तसं कोणी दिसलं तर आत्या काय करायच्या नक्की?" मला तांब्याची ती एक गोष्ट माहीत आहे. बाकीच्या सगळ्या संध्याकाळी तू काय करायचीस, मावशी? कधी खाकरायचीस, कधी नाव विचारायचीस, कधी नुसती मान वर करायचीस? मी तुझ्याशेजारी बसून तुला मुळातून बदल शिकवत होते, त्यामुळं बघायचं राहून गेलं.

मंदाला खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. म्हणाले, बुधवारी पाचला मी येते, तुझ्याजवळ बसते, पण मला गजरा ओवता येत नाही. ती म्हणाली, "मग दोरा धरा. नजर तर मोकळीच राहील ना."